वॉरंट म्हणजे पदक नव्हे



आपल्या चळवळीत एक खोटं फार वर्षं पोसलं गेलंय. अंगावर जितक्या केसेस, तितका कार्यकर्ता मोठा. स्टेजवर ओळख करून देताना सांगतात, ह्यांच्यावर पंचवीस गुन्हे आहेत, ह्यांच्या नावाचं वॉरंट निघालंय. खाली बसलेली पोरं टाळ्या पिटतात. मी म्हणतो टाळ्या थांबवा आणि विचारा. वॉरंट कुठल्या कोर्टाचं? केस नंबर काय? रद्द करायला कोण गेलं होतं? पुढाऱ्याचं उत्तर तयार असतं, कारण त्याचं वॉरंट त्याचा वकील दुपारच्या आत मिटवतो. पण त्याच मोर्चात मागच्या रांगेत चाललेल्या शेतमजुराच्या पोराचं काय? त्याचं वॉरंट तालुक्याच्या ठाण्यात पडून असतं. त्याला ते ठाऊकही नसतं. भाषण एकानं केलं, एफआयआरमध्ये नावं चाळीस जणांची आली. चाळीस जणांच्या तारखा कुणाच्या वहीत लिहिल्यात?

हे वॉरंट जन्माला कसं येतं ते नीट बघा. रास्ता रोको होतो, गुन्हा दाखल होतो, पोरगा जामिनावर सुटतो. पुढं वर्ष-दोन वर्षं सगळं गप्प. मग चार्जशीट जाते, समन्स निघतं. तोवर पोरगा कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला, नाहीतर पुण्याला बांधकामावर, नाहीतर गिरणीत रातपाळीला. समन्स घरातल्या कुणाच्या तरी हातात पडतं, नाहीतर बंद दाराला चिकटतं. आईला वाचता येत नाही, ती कागद देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांच्या फोटोमागं खोचते. ऊसतोड दिवाळीच्या पुढं-मागं सुरू होते ती उन्हाळा लागेपर्यंत. मुकादमाची उचल घेतलेली, मधेच तारखेला यायचं कुणाच्या जिवावर? इकडं कोर्टात शिपाई पुकारा करतो. एकदा, दोनदा, तीनदा. गैरहजर. साहेब हुकूम लिहितात. आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. गावाकडं त्यालाच पकड वॉरंट म्हणतात. पोरगा कुठं पळाला नव्हता. तो पोट भरत होता. कागदावर मात्र तो फरारी झाला.

सुप्रीम कोर्टानं २००७ साली सांगून ठेवलंय की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि माणूस मुद्दाम टाळतोय असं दिसलं तरच अजामीनपात्र. माणसाचं स्वातंत्र्य ही हलकी चीज नाही. पण हा निकाल तालुक्याच्या कोर्टात आपल्या वतीनं वाचून दाखवणार कोण? तिथं आपला वकील नसतो, आपण नसतो, आपली संघटना तर नसतेच नसते.

आणि हे वॉरंट म्हातारं होत नाही. जुन्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ७० आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२ एकच गोष्ट सांगतात. ज्या कोर्टानं वॉरंट काढलं त्यानं ते रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत. पाच वर्षं, दहा वर्षं. म्हणजे कधी उचलायचं हे ठरवायची मोकळीक पोलिसाकडं. गावात अत्याचार झाला, आपण अ‍ॅट्रॉसिटी दाखल करायला ठाण्यात गेलो, की नेमकी त्याच दिवशी जुनी फाईल उघडते. तक्रार द्यायला गेलेला माणूस आत बसतो. मग सरपंचाचा माणूस येतो, मिटवून टाका म्हणतो. आपल्यावरच टाकलेल्या उलट्या केसेसचा, त्या मारहाणीच्या आणि लुटीच्या गुन्ह्यांचा खरा उपयोग हाच आहे. शिक्षा व्हायची त्यांना गरज नाही. वॉरंट पुरतं.

आता दुसरं खोटं. ‘सरकारनं आंदोलनातले गुन्हे मागे घेतले.’ पेपरात मथळा येतो, पेढे वाटले जातात, पोरं तारखेला जायची बंद होतात. नामांतराच्या लढ्यापासून, २००६ च्या खैरलांजीपासून, २०१८ च्या भीमा कोरेगावपर्यंत आपल्या पोरांवर गुन्हे लागत आले, आणि गुन्हे मागे घेण्याच्या घोषणाही होत आल्या. पण मंत्र्याच्या घोषणेनं केस संपत नाही. सरकारी वकिलानं त्या कोर्टात अर्ज द्यावा लागतो, कोर्टानं संमती द्यावी लागते, तसा हुकूम व्हावा लागतो. एकेका केसमधे, वेगवेगळा. जुन्या कायद्यात कलम ३२१, नव्यात ३६०. हुकूम झाला नाही तर केस चालू, तारीख चालू, वॉरंट चालू. मंत्र्याचं आभार-पत्र घेऊन गेलात तर बेंच क्लार्क ते बघणारसुद्धा नाही.

तिसरी गोष्ट जामीनदाराची. कोर्ट विचारतं, सातबारा आहे का? आहे कुणाकडं आमच्यात? ज्यांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधापलीकडं राहिली त्यांनी सातबारा आणायचा कुठून? मग पोरगं आत राहतं, गुन्ह्यापायी नव्हे, जमीन नाही म्हणून. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली. खालच्या मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाचा जामीन नाकारला कारण भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते मोडून काढलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. हा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. जातमुचलका मागायचा, गरिबीचं कारण लेखी द्यायचं. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

काही मित्र म्हणतील, कोर्ट त्यांचं, कायदा त्यांचा, आपण कशाला उंबरे झिजवायचे? क्रांती करायची सोडून तारखा करायच्या का? मी म्हणतो हे बोलणं ज्याचं घर त्याच्या पगारावर चालत नाही त्याला शोभतं. पोरगा आत गेला तर घरची चूल विझते. कवितेत बेडी छान वाजते, मनगटात ती नुसती रुतते. आणि बाबासाहेबांनी काय केलं ते आठवा. डिसेंबर १९२७ मधे महाडच्या सवर्णांनी चवदार तळ्यासाठी त्यांच्यावर आणि सहकाऱ्यांवर दावा ठोकला, कोर्टाकडून मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, आणि तो दावाही लढला. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात, मुंबई हायकोर्टाचा निकाल मार्च १९३७ मधे लागेपर्यंत. जवळजवळ दहा वर्षं. तळ्यावर ओंजळ भरणारा आणि दाव्याचे कागद सांभाळणारा माणूस एकच होता. आपण ओंजळीचा फोटो घेतला आणि कागद टाकून दिले.

तेव्हा काय करायचं ते सरळ सांगतो.

पहिलं, शोधा. ई-कोर्टच्या साइटवर नाहीतर अ‍ॅपवर जिल्हा आणि कोर्ट निवडून नावावर, एफआयआर नंबरावर, केस नंबरावर शोधता येतं. खटला कुठल्या टप्प्यावर आहे, पुढची तारीख कधी, मागच्या तारखेला काय झालं, दिसतं. नावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून बघा, आपली नावं लिहिताना कारकून हात राखत नाहीत. तरी सापडलं नाही तर तालुक्याच्या कोर्टात वकिलामार्फत रोजनामा बघा. ज्याचं वॉरंट असेल त्यानं एकट्यानं ठाण्यात विचारायला जाऊ नये.

दुसरं, रद्द करा. ज्या कोर्टानं काढलं तिथंच. सकाळी बोर्ड सुरू व्हायच्या आधी, आपल्या पायानं, वकील घेऊन. अर्जात खरं कारण लिहा आणि पुरावा जोडा. मुकादमाची चिठ्ठी, हजेरीचं कार्ड, दवाखान्याचा कागद. कोर्ट दंड लावू शकतं, जुना मुचलका जप्त करू शकतं, नवा जामीनदार मागू शकतं, कोठडीतही पाठवू शकतं. म्हणून जामीनदार बरोबर न्या. पण स्वतः हजर झालेला माणूस आणि जत्रेतून धरून आणलेला माणूस, ह्यात कोर्ट फरक करतं.

तिसरं, वकील. पैसे नाहीत म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज द्या. फोन १५१००. ही भीक नव्हे. आणि कामामुळं तारखेला येता येत नसेल तर वकिलाकडून आधीच गैरहजेरी माफीचा अर्ज द्या.

चौथं, रद्द झाल्याच्या हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि खिशात ठेवा. २००२ साली मुंबईत एका वकिलाला रद्द झालेल्या वॉरंटावर पकडलं. वकिलाला! २०११ मधे सुप्रीम कोर्टानं त्या प्रकरणात सांगितलं, वॉरंटांचं रजिस्टर ठेवा, रद्द झालं की ठाण्याला कळवून परत मागवा. वकिलाची ही गत, तर आपली काय होईल?

पाचवं आणि मुख्य. जी संघटना मोर्चा काढते तिनं प्रत्येक तालुक्यात तारखांची वही ठेवली पाहिजे. शंभर पानी वही, वीस-तीस रुपयांची. नाव, केस नंबर, पुढची तारीख, माणूस सध्या कुठं कामाला, फोन. तारखेच्या आठ दिवस आधी फोन करणारा एक जण नेमा. झेंड्याला, डीजेला, कटआउटला वर्गणी निघते. जाण्यायेण्याच्या भाड्याला आणि जामिनाला का निघत नाही?

पुढच्या मीटिंगमधे पुढारी आपल्यावरचे गुन्हे मोजायला लागला की उभे राहा आणि वही मागा. वही नसेल तर मोर्चाची तारीख ठरवू देऊ नका.

जयभीम.