दाराशी गाडी आहे म्हणून

गेल्या वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले असतील. शेजारच्या काकूंनी कडी वाजवली तेव्हा मी जागाच होतो. या वयात झोप आणि जाग यांच्यामधली भिंत तशीही पातळ झालेली असते. ‘‘भावजी, ह्यांच्या छातीत दाबल्यासारखं होतंय. घाम फुटलाय. गाडी काढता का?’’ काकू एवढेच म्हणाल्या. गाडी निघेल की नाही अशी शंकासुद्धा त्यांच्या आवाजात नव्हती.

मी अंगात शर्ट अडकवला, लिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्, टक्. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. तात्या ओट्यावर छातीला हात लावून बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. धक्का मारावा तर गल्ली चढाची, आणि धक्का मारणारे आम्ही तिघे साठी ओलांडलेले. १०८ ला फोन लावला, गाडी निघते म्हणाले. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतला पोरगा भाजीचा पिकअप घेऊन मार्केटला निघाला होता, त्याला काकूंनी अडवले. त्याने वांग्याचे क्रेट रस्त्यावर उतरवून ठेवले आणि तात्यांना अकलूजला पोहोचवले. या सगळ्यात वीस-पंचवीस मिनिटे गेली. तात्या वाचले. पण वांग्यांच्या क्रेटशेजारी मी हातात किल्ली घेऊन उभा होतो, ते दृश्य काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

गाडीला झाले होते तरी काय? काहीही नाही. २०१९ साली निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, जेमतेम एकोणीस हजार किलोमीटर चाललेली, कधी कुठे घासलेली नाही. ‘अगदी नव्यासारखी ठेवलीय हो,’ असे येणारा-जाणारा म्हणायचा आणि मी सुखावायचो. तेवीस दिवस ती जागची हलली नव्हती, एवढाच काय तो तिचा दोष. म्हणजे खरे तर माझाच.

सकाळी हायवेवरच्या मिस्त्रीला आणले. त्याने बॅटरीला मीटर लावला आणि मला विचारले, ‘‘साहेब, गाडी बंद असते तेव्हा आतलं घड्याळ चालू असतं का बंद?’’ चालू असते म्हणालो. ‘‘मग ते काय फुकट चालतंय?’’ घड्याळ, किल्लीच्या बटणावर उघडणारे कुलूप, चोरघंटा, ही सगळी मंडळी रात्रंदिवस बॅटरीतून घोट घोट पीत असतात. त्यात आमच्या सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बॅटरीचे आयुष्य आणखी आखडते. माझी बॅटरी पाच वर्षांची झाली होती, म्हणजे तिची सेवानिवृत्ती जवळच आली होती. मी मात्र आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून पाच मिनिटे जागेवर घुरघुरवायचो आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात बंद करायचो. सुरू करताना बॅटरीतून जेवढे जाते ते पाच मिनिटांत धडपणे भरूनही येत नाही, हे मला मिस्त्रीकडून कळले. गाडी रस्त्यावर काढून पंधरा-वीस किलोमीटर फिरवली, तरच त्या फिरवण्याला अर्थ.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. तिथे ज्या खात्यात दोन वर्षे खातेदाराने काहीच उलाढाल केली नाही, ते खाते निष्क्रिय धरतात. दहा वर्षे असेच पडून राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. असा निधी २०१४ पासून आहे. बँक निदान दोन वर्षे तरी वाट पाहते. गाडी तीन आठवड्यांतच निष्क्रिय होते आणि नोटीसही धाडत नाही.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक कबुलीही देऊन टाकतो. नव्वदच्या दशकात आणि पुढेही मी पुष्कळ मोटारकर्जे मंजूर केली. पगाराचा दाखला, सातबारा, जामीनदार, मार्जिन, सगळे डोळ्यांत तेल घालून तपासले. ‘महिन्यातून किती दिवस गाडी चालवणार?’ हे मात्र एकालाही विचारले नाही. अर्जात तसा रकानाच नव्हता. विचारले असते तर निम्म्या अर्जदारांचे उत्तर ‘लागेल तेव्हा’ असे आले असते. आपल्याकडे लहान गावातली गाडी ही लग्नाला, देवाला आणि दवाखान्याला. पेढे वाटून, चाकाखाली लिंबू ठेवून, हार घालून आणायची आणि मग कव्हर घालून उभी करायची. जपून ठेवलेली गाडी टिकते, हा आपला समज. जुनी गाडी विकतानाही ‘फार फिरलेली नाही’ हेच आपण अभिमानाने सांगतो.

घरात गाडीबरोबर आलेले पुस्तक असेल तर, वाचकहो, एकदा उघडून बघा. सर्व्हिसिंगच्या तक्त्यात किलोमीटरचा आकडा असतो, त्याच्या शेजारी महिन्यांचा असतो, आणि ‘जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते. त्या तक्त्यावरून माझी नजर कितीदा तरी गेली असेल, पण वाचला मी फक्त किलोमीटरचा आकडा. इंजिनातले तेल न चालताही जुने होते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा धरते आणि ऐन वेळी दगा देऊ शकते. हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवलेली गाडी पुढे ढकलायला गेलात तर मागची चाके धरून बसलेली असतात. त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा.

टायरची गोष्ट तर आणखी फसवी. माझ्या टायरांवरची नक्षी कोरी होती, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. माझ्या टायरवर १४१९ होते, म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. पाच वर्षांनंतर नक्षी कितीही दिसो, टायर जाणकाराला दरवर्षी दाखवावेत. आणि आपल्या भागात एक समजूत घट्ट बसली आहे, की उन्हात हवा फुगते म्हणून उन्हाळ्यात चाकात हवा कमी ठेवावी. हे नेमके उलटे आहे. कमी हवेचे टायर जास्त दबते, दबले की जास्त तापते, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या वेगात भर दुपारी फुटते. हवा किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दारापाशी चिकटवलेले असते. सकाळी, गाडी पळण्याआधी, तेवढी भरावी. स्टेपनीतही भरावी. माझ्या स्टेपनीत किती होती ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या टेंभुर्णीच्या पंचक्रोशीत उजनीच्या पाण्याने ऊस आला, आणि उसाबरोबर उंदीरही. तोडणी सुरू झाली की फडातले उंदीर गावाकडे सरकतात, आणि आठवडाभर न हललेल्या गाडीचे बॉनेट म्हणजे त्यांना चालून आलेला वाडा. कुणी डांबराच्या गोळ्या ठेवतो, कुणी तंबाखूची पाने. मी दोन्ही करून पाहिले. उंदरांनी वायरच्या वरचे प्लॅस्टिक खाल्ले आणि तंबाखूकडे ढुंकूनही पाहिले नाही. रोज नाही तरी दिवसाआड बॉनेट उघडणे, आणि धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी न लावणे, एवढाच इलाज मला लागू पडला. (त्याच उसाच्या मळीचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळते. म्हणजे ऊसवाल्याच्या टाकीत ऊस आणि वायरीवर उसातला उंदीर, असा हा सगळा घरचाच मामला.)

कागदांचेही तेच. गाडी उभी आहे म्हणून विम्याची तारीख थांबत नाही. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की वर्षानुवर्षे जमवलेली नो क्लेम बोनसची सवलत जाते. कर्ज फिटले तरी आर.सी. वरची बँकेची नोंद आपोआप उतरत नाही. बँकेकडून ना हरकत पत्र घेऊन ती उतरवून घ्यावी लागते. माझ्या टेबलासमोर अशा कितीतरी बायका येऊन बसल्या, ज्यांचे पती अचानक गेले होते आणि दारातली गाडी ना विकता येत होती ना नावावर करता येत होती. २०२१ पासून आर.सी. वर वारसदार म्हणून नाव लावून ठेवण्याची सोय झाली आहे. आज संध्याकाळी कपाट उघडून ते एक बघून घ्या.

मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, विकून टाका. लागेल तेव्हा भाड्याने मागवा.’’ कागदावर मांडले तर त्याचे बरोबर आहे. विमा, सर्व्हिसिंग, बॅटरी, टायर आणि दरवर्षी घसरणारी किंमत धरली, तर महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीपेक्षा भाड्याची गाडी स्वस्तच पडते. हा हिशेब मी कर्जदारांना करून द्यायला हवा होता. पण तो हिशेब पुण्याचा आहे. टेंभुर्णीत रात्री अडीचला भाड्याची गाडी दारात येत नाही. इथे गाडी घ्यायची ती त्या एका रात्रीसाठीच, आणि उरलेल्या रात्री-दिवसांत ती चालती ठेवायची, हीच तिची किंमत. मला ती द्यायची नसेल तर मुलाचे ऐकावे, आणि शेजाऱ्यांनाही तसे सांगून ठेवावे, म्हणजे ते माझ्या दाराची कडी वाजवण्यात वेळ घालवणार नाहीत.

मी विकली नाही. नवी बॅटरी टाकली, टायर बदलले, डिकीत जंपर केबल ठेवली. लाल चिमटा दोन्ही बॅटऱ्यांच्या अधिक खुणेला. काळा आधी चांगल्या बॅटरीच्या उण्याला आणि दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, हे घरातल्या सगळ्यांकडून घोकून घेतले. काकूंकडूनही.

आता दर रविवारी सकाळी तात्या येतात. चालायला सांगितले आहे म्हणून चालतच येतात. चहाच्या आधी चाकांना एक फेरी मारतात, खिशातला हवेचा मीटर काढतात आणि चारही आकडे मोठ्याने वाचून दाखवतात. मग आम्ही भीमेच्या पुलापर्यंत जाऊन येतो. गेल्या रविवारी परत आल्यावर मी गाडी बंद करून उतरायला लागलो तर म्हणाले, ‘‘भाऊ, स्टेपनी राहिली.’’