गृहचर्चा : झोपी गेलेला संगणक जागा होईना

लोहारा (जिल्हा धाराशिव) येथील एका एकत्र कुटुंबांतून आलेलें पत्र या महिन्याच्या चर्चेस निमित्त झालें आहे. घरांत संगणक एकच. सकाळीं त्यावर सूनबाई हिशेब लिहितात, दुपारीं वडील गृहस्थ घराण्याचा कुलवृत्तान्त टंकतात आणि सायंकाळीं मुलें अभ्यास करतात. मध्यें कोणी उठून गेलें कीं यंत्र आपोआप झोपी जातें. पुन्हां उठवूं गेल्यास पंखा फिरतो, दिवा लागतो; पण पडदा काळाच राहतो. माऊस हलवा, कळा दाबा, व्यर्थ! अखेर बटण दाबून धरून तें बंद करावें लागतें आणि जतन न केलेलें पान जातें. मागील खेपेस पणजोबांच्या पिढीचा मजकूर असाच गेला. ज्या वृद्ध आत्याबाईंनीं तो सांगितला, त्यांस पुन्हां सर्व तसेंच आठवेल याचा भरंवसा नाहीं. आतां घरांत दोन पक्ष पडले असून, नवा संगणक घ्यावा कीं आहे तोच दुरुस्त करावा, असें आम्हांस विचारलें आहे.

नव्याचा विचार तूर्त बाजूस ठेवावा, हें आमचें मत. परंतु दुरुस्तीच्याही आधीं एक काम आजच उरकावें. कुलवृत्तान्ताची एक प्रत पेन ड्राइव्हवर व दुसरी घराबाहेरील एखाद्या नातलगाच्या संगणकावर ठेवावी. यंत्र पुन्हां मिळतें. आत्याबाईंची आठवण मिळत नाहीं. शिवाय, रोग सांपडेपर्यंत स्लीपची वेळ 'नेव्हर' अशी ठेवून केवळ पडदा बंद होऊं द्यावा. विजेचें भय फार बाळगूं नये. स्वस्थ बसलेला संगणक पन्नास वॅट खातो असें धरलें, तर वीस तासांत एक युनिट होतें.

आतां ही झोप म्हणजे काय तें पाहूं. मनुष्याच्या वामकुक्षींत श्वास चालूच असतो, तसें येथेंही आहे. प्रोसेसर, डिस्क, पडदा सारे थांबतात. फक्त रॅम या तात्पुरत्या स्मृतीस थोडी वीज मिळत राहते आणि उघडलेलें काम तेथेंच जिवंत राहतें. हायबरनेटची तऱ्हा वेगळी. त्यांत हें सारें डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद होतें. टेबलावरील पुष्कळ संगणकांत हायब्रिड स्लीप म्हणून दोहोंचा मेळ घातलेला असतो. झोपेंत वीज गेली तरी काम डिस्कवरून परत यावें, हा त्याचा हेतु.

जागें होणें मात्र एकट्याचें काम नव्हे. पडद्याचें कार्ड, कीबोर्ड, प्रिंटर, डिस्क या प्रत्येकानें हांक ऐकून ओ द्यावयाची असते, आणि हे भाग निरनिराळ्या कारखान्यांचे. त्यांनीं एका रीतीनें निजावें व उठावें म्हणून इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनीं डिसेंबर १९९६ मध्यें 'एसीपीआय' नांवाचे नियम प्रसिद्ध केले. नियम झाले तरी पाळणारे अनेक! एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. एकानें ओ दिली नाहीं कीं सारें घर खोळंबतें. तेव्हां तो एक कोण, एवढाच खरा प्रश्न आहे.

पुढच्या वेळीं पडदा काळा राहिला म्हणजे बटणाकडे हात नेऊं नये. प्रथम कीबोर्डवरील नम लॉक ही कळ दाबून तिचा दिवा पाहावा. दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे. झोपला आहे तो पडदा. अशा वेळीं विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबल्या असतां पडद्याचा ड्रायव्हर नव्यानें सुरू होतो आणि पुष्कळदां चित्र परत येतें. तसें आलें तर चोर सांपडल्यासारखाच आहे. संगणक किंवा कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ति घ्यावी. आणि पीडा नव्या आवृत्तीनंतरच सुरू झाली असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्यें जाऊन 'रोल बॅक' करावें. नम लॉकचा दिवा मुळींच हलत नसेल, तर पेटीवरील डिस्कचा दिवा पाहावा. तो लुकलुकत असल्यास वीज मध्यंतरीं गेली असावी व काम डिस्कवरून परत येत असावें. जुन्या डिस्कला यास कांहीं मिनिटें लागतात. एवढा धीर न धरल्यानें कित्येक पानें उगाच जातात.

दोन्ही दिवे निश्चल असतील तर मात्र यंत्र खरोखर गोठलें आहे. मग प्रिंटर, वायफायचा तुकडा, पेन ड्राइव्ह हीं सारीं काढून यंत्र निजवून उठवावें. उठलें तर एकेक परत लावीत जावें. एका वेळीं एकच बदल, हा नियम मोडूं नये. चार उपाय एकदम केले तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. एक वही ठेवून तींत यंत्र केव्हां निजलें, किती वेळ निजलें, मध्यें वीज गेली होती काय, हें लिहीत जावें. दहा नोंदी झाल्या कीं कांहीं तरी दिसूं लागेल. हायबरनेटमधून बरें उठतें, पण स्लीपमधून नाहीं, असें आढळल्यास संशय रॅमवर, वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसवर किंवा बायॉसवर जातो. रॅमच्या पट्ट्या (वायर भिंतींतून काढून मगच) धूळ झाडून पुन्हां नीट बसवाव्या आणि 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' रात्रभर चालूं द्यावें.

फास्ट स्टार्टअप बंद करा, असा सल्ला या तक्रारीवर जो तो देतो. त्याचा संबंध यंत्र बंद करून चालू करण्याशीं आहे, झोपेशीं नाहीं. बंद करण्यास हरकत नाहीं, पण त्यावर विसंबूं नये. तसेंच इव्हेंट व्ह्यूअरमधील 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीनें घाबरून जाऊं नये. यंत्र रीतसर बंद झालें नव्हतें, एवढेंच ती सांगते; कां, तें सांगत नाहीं. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली हें खरें, आणि सुरक्षिततेसाठीं त्याचा विचार करावाच. पण झोपेंतून न उठण्याचें तें कारण नव्हे, आणि कोणी तसें सांगून नवें यंत्र गळ्यांत घालूं पाहील तर वही पुढें करावी.

इतकें करूनही गुण न आल्यास पेटी उमरग्यास किंवा सोलापुरास न्यावी लागेल. तेथें दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून निदान पांच वेळां निजवून-उठवून दाखविण्यास सांगावें, आणि नवा घेण्याचे पैसे त्यानंतरच द्यावे.