धंदा करा म्हणता, पण आजारी पडलो तर?

'नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा' हा उपदेश आंबेडकरी तरुणांना हल्ली प्रत्येक मेळाव्यात ऐकावा लागतो. महात्मा फुले महामंडळ 1978 पासून आहे, मुद्रा 2015 पासून, स्टँड-अप इंडिया 2016 मध्ये आली. तरीही यवतमाळ, पुसद, वणीतला आमचा पदवीधर भरतीच्याच रांगेत का? त्याच्यात धाडस नाही म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे : पडलो तर सावरणारे पाठीशी कोण आहे?

सरकारी नोकराला वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती आणि रजा मिळते. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला उपचार मिळतात, शिवाय आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी. दारव्हा रोडवर मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकणाऱ्याला यातले काहीच नाही. शटर पडले की कमाई बंद, बँकेचा हप्ता मात्र चालूच.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. तिचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. पण ती दवाखान्यात भरती झाल्यावर, ठरावीक उपचारांपुरती कामी येते. शुगर-बीपीच्या महिन्याच्या गोळ्या, बंद दुकानाचे भाडे, रुग्णाजवळ बसणाऱ्याची बुडालेली मजुरी कोण देणार? व्यापारी जातीच्या घरात अशा वेळी भाऊबंद, दुकान, जमीन उभी राहते. तोच त्यांचा विमा! आमचे भांडवल पहिल्या पिढीचे. बापाच्या एका ऑपरेशनमध्ये ते संपते. मग घरचे 'नोकरीच बघ' म्हणतात, तो भित्रेपणा नाही, हिशेब आहे.

अमेरिकेतही आरोग्य विमा बहुतांशी मालकाच्या हातात असल्याने माणसे नको असलेली नोकरी सोडत नाहीत. अर्थशास्त्रात त्याला 'जॉब लॉक' म्हणतात. आपल्याकडे या कुलपावर जातीचे दुसरे कुलूप आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळात अडारकर समितीने कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा दिला आणि 1948 चा कायदा त्यातून आला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी विमा व्यवसाय सरकारच्या मालकीचा आणि प्रौढ नागरिकांना आयुर्विमा सक्तीचा करण्याची मागणी केली. सुरक्षितता ही मेहरबानी नाही, स्वातंत्र्याची अट आहे, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

केवळ विम्याने बाजारातली जात जाणार नाही, आणि उद्योजकतेचे गाजर दाखवून आरक्षित पदे रिकामी ठेवणेही आम्हाला मान्य नाही. पण कर्ज देता, तर त्यासोबत आजारपणाचा भत्ता द्या. भरतीच्या काळात हप्ता थांबवा, त्यावर व्याज लावू नका. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये असंघटित कामगारांसाठी राज्य विम्याची योजना आखण्याची तरतूद आहे. तिच्यात स्वयंरोजगार करणाऱ्यांना घ्या.

मित्रांनो, कर्जमेळाव्याचा फॉर्म भरताना साहेबाला एवढे विचाराच : आम्ही आजारी पडलो तर हप्ता कोण भरणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

जय भीम!