दात की तवा?

मराठीत आपण भांडी घासतो आणि दातही घासतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे शाळेत 'ब्रश' आणि घरी आजीचं "दात घासलेस का गं?" असं दोन्ही ऐकत मी मोठी झाले. पण हात जागला तो आजीच्या शब्दाला. इतकी वर्षं मी दात तव्यासारखे घासत आले.

गेल्या दिवाळीत आइस्क्रीम खाताना बाबांच्या दातातून कळ गेली. डेंटिस्टबाईंनी आरशात दाखवलं, हिरडीलगत कानशीने कोरल्यासारख्या खाचा! बाबा उजवे, आणि खाचा डावीकडे जास्त. कीड एकाही दाताला नाही. बाबा जरा रागावूनच म्हणाले, "अहो, मी दिवसातून दोनदा घासतो, तेही कडक ब्रशने!" बाई म्हणाल्या, "तेच तर!" चार दातांत सिमेंट भरावं लागलं.

मेकॅनिकलच्या मित्रांनो, हे आपलंच खातं आहे. आर्चर्डचा 1953 चा नियम आठवा: दाब जास्त, घासलेलं अंतर जास्त, तर झीज जास्त; पृष्ठभाग कठीण, तर झीज कमी. दातावरचं इनॅमल चांगलं कठीण, मोह्‌सच्या मोजपट्टीवर साधारण 5. नुसता नायलॉनचा ब्रश त्याचं फारसं काही बिघडवत नाही. झिजवते ती पेस्टमधली सिलिकाची किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड. ब्रश फक्त ती दाबून फिरवतो. आणि हिरडी मागे सरकली, की उघडं पडतं ते इनॅमलपेक्षा कितीतरी मऊ डेंटीन. त्यात लिंबू सरबत किंवा कोला पिऊन लगेच ब्रश केला तर बघायलाच नको, कारण आम्लाने इनॅमलही तेवढ्यापुरतं मऊ पडतं. (सगळा दोष ब्रशचा नाही हं. आम्ल आणि रात्री दात खाण्याची सवय हेही वाटेकरी आहेत.)

मला राग येतो तो आपल्या एका समजुतीचा, की जोर लावला म्हणजे काम चांगलं झालं. अरे, दातावरचा थर साईसारखा मऊ असतो, हलक्या हातानेही निघतो! तरी हॉस्टेलच्या बेसिनपाशी सकाळी उभे राहा, सुतारकाम चालल्यासारखा आवाज येतो. महिन्याभरात ब्रशचे केस चौफेर फिस्कारलेले. जाहिरातीतही ब्रश काठोकाठ पेस्टने भरलेला.

असो. बाबा आता ब्रश पेनासारखा दोन बोटांत धरतात. मीही सॉफ्ट ब्रश आणलाय. परवा आजीने सवयीने विचारलं, "घासलेस का दात?"

"नाही आजी, पुसले."

"पुसायला काय चष्मा आहे तो?"