रिटायरमेंटनंतरचं ऑफिस

आपण सगळेच पंचेचाळिशीत रिटायर होणार आहोत. अलिबागला छोटंसं घर, दारात दोन नारळ आणि लॅपटॉप थेट समुद्रात! दर अप्रेझलनंतर हा प्लॅन ठरतोच. मग आता हे ऐका.

2023 मध्ये मी अमेरिकेत, युटा राज्यातल्या लीहाय गावी ऑनसाइट होतो. शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीचे आईबाबा रिटायर होऊन पुन्हा ऑफिसला जायला लागले होते. तेही इंग्लंडमध्ये, दीड वर्षासाठी, पदरचे पैसे घालून.

कुटुंब मॉर्मन. (त्यांच्या चर्चला हे टोपणनाव आता नको असतं, पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'.) त्यांच्यातले बरेच तरुण दोन वर्षं आणि तरुणी दीड वर्ष धर्मप्रचाराला जातात. त्यांच्यामागचा कारभार मिशन ऑफिसातून चालतो आणि तिथे खुर्चीत बहुतेकदा अशी ज्येष्ठ जोडपी असतात. पगार शून्य. राहण्याखाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. घरखर्चाला 2011 मध्ये महिना 1400 डॉलरची कमाल मर्यादा ठरली, एवढाच काय तो दिलासा.

आता तुमच्या डोळ्यांसमोर बायबल घेऊन दारोदार फिरणारे आजी-आजोबा आले असतील. छे! काकांकडे गाड्या आणि भाड्याचे फ्लॅट, काकूंकडे टपाल, हिशेब आणि फोन. म्हणजे आपल्या ॲडमिनवाल्याचं काम. कुठल्या फ्लॅटचा बॉयलर बंद पडला, कुठे टीव्ही लायसन्सचं पत्र आलं (घरात टीव्हीच नाही, तरी पत्र येतंच), कुणाचं अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्स तिथे वर्षभरच चालतं म्हणून ब्रिटिश काढायचं. साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर. मग कोण कुठे, कोणाबरोबर, कुठली किल्ली कोणाकडे, सगळ्याची एक्सेल शीट!

आणि हे सगळं टेबलाला टेबल लावून. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांची ऑफिसं वेगळी होती, हे विसरू नका. नाश्त्याला सुरू झालेलं भांडण थेट फाइलिंग कॅबिनेटपर्यंत जायचं म्हणे.

काकू सांगायच्या, बॉयलरसाठी आलेला फोन कधी कधी बॉयलरसाठी नसतोच. एकोणीस वर्षांचा पोरगा, आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर. बॉयलरबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि मग फोन ठेवतच नाही. 2019 पासून त्यांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो. त्याआधी वर्षातून फक्त दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला.

इकडे मैत्रिणीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं की मी विचारलं, "आई कधी येतेय?"

"दहा दिवस येईल."

महत्त्वाच्या कौटुंबिक प्रसंगाला ज्येष्ठ जोडप्यांना थोडे दिवस घरी जाता येतं, स्वखर्चाने. "परक्या पोरांची आई झालीये ती. माझा नंबर दहा दिवसांचा," मैत्रीण स्क्रीनकडे बघत म्हणाली. मला विचाराल तर, तिच्या जागी मीही चिडलो असतो. आजीचं घर तिच्या घरापासून वीस मिनिटांवर, आणि आजी समुद्रापार किल्ल्या मोजतेय!

काकू आल्या. फ्रीझर भरला, रात्री जागल्या, नातीला न्हाऊ घातलं. "राहा ना अजून," असं लेकीने एकदाच म्हटलं. काकूंनी उत्तर दिलं नाही, बाळाचे कपडे घडी करत राहिल्या.

अकराव्या दिवशी त्या विमानात बसल्या. मंगळवारी ट्रान्सफर होती आणि काकांना एक्सेल येत नाही.