कुलूप कोणाच्या दाराला?

पोस्टकार्डावरील मजकूर पोस्टमनने वाचला म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. इंटरनेटवरून जाणारी माहितीची पुडकी मुळात अशीच उघडी असतात. ही उणीव अगदी तळाशी, म्हणजे पत्ता पाहून पुडक्याची वाट ठरते त्या थरातच दूर करावी, या हेतूने ‘आयपीसेक’ ही पद्धती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे कुलूप बसले की वरचे सारे व्यवहार, मग ते खाजगी पत्र असो वा सभेची सूचना, आपोआप झाकले जातात. बोगदा पद्धतीत तर मूळ पत्ताही पाकिटात जातो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही नळाच्या पाण्यासारखी सार्वजनिक सोय ठरावयास हवी होती.

ती तशी ठरली नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील जॉन गिलमोर यांनी ‘फ्रीस्वान’ हा विनामूल्य प्रणालीचा उपक्रम हाती घेतला. त्याच वर्षी इंटरनेटवरील ५ टक्के वाहतूक सुरक्षित करण्याचा त्यांचा संकल्प होता. अमेरिकन सरकारचे निर्यातनिर्बंध आड येऊ नयेत म्हणून त्यात अमेरिकन नागरिकाने लिहिलेली एक ओळही स्वीकारली जात नसे. २००४ मध्ये उपक्रम थांबला. सरकारी निर्बंधांहून एक साधी अडचण मला अधिक बोलकी वाटते. दोन अनोळखी यंत्रांनी आपण होऊन गुप्तपणे बोलावयाचे, तर आपली किल्ली पत्त्यांच्या नोंदवहीत जाहीर करावी लागे. आणि ती वही वापरणाऱ्याच्या नव्हे, सेवा विकणाऱ्या कंपनीच्या ताब्यात असे. जमीन कसावी कुळाने आणि सातबारा सावकाराच्या नावाने, तसलाच हा प्रकार! पुढे नव्या पत्तापद्धतीत प्रत्येक यंत्रात ही सोय अनिवार्य होती. २०११ मध्ये ती केवळ ‘इष्ट’ उरली. बड्या कंपन्यांनी मात्र आपल्या शाखा जोडण्यासाठी तीच पद्धती खुशाल वापरली.

आता आपल्याकडे पाहू. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने आदेश काढला, की व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व वापराचा हेतू ५ वर्षे जपून ठेवावा. पुढच्याच महिन्यात खुलासा आला: कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. म्हणजे स्वतःची यंत्रणा उभारण्याची ज्याची ऐपत, तो सुटला. महिन्याचे पैसे भरून विकत घेणारा पत्रकार वा कार्यकर्ता तेवढा नोंदवहीत चढला.

गुन्हेगार शोधू नयेत, असे कोणी म्हणत नाही. परंतु संशयितावर विशिष्ट आदेशाने पाळत ठेवणे वेगळे आणि साऱ्यांचीच यादी आगाऊ करून ठेवणे वेगळे. आणीबाणीत फोडून पुन्हा चिकटवलेली पाकिटे ज्यांनी हाती घेतली, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. संकेतस्थळांचे कुलूप आता बहुतेक ठिकाणी असते, हे खरे. परंतु कोण कोणाशी बोलले हे त्याने झाकत नाही, आणि यादी करणाऱ्याला नेमके तेवढेच हवे असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो ऐपत पाहून नव्हे. कंपन्यांना दिलेली मोकळीक सामान्य ग्राहकाला का नाही, हा प्रश्न आपल्या खासदारांनी सभागृहात विचारावा.