मोफत वीस हजार लिटर आणि अर्धा इंची पाइप

एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादच्या जल मंडळाने नळाच्या लाइनला थेट मोटार जोडणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. मोटार जप्त आणि वर ५,००० रुपये दंड. दुसरीकडे, डिसेंबर २०२० पासून शहरात घरगुती नळाला महिन्याला २०,००० लिटर पाणी मोफत मिळते. म्हणजे दिवसाला साधारण ६६६ लिटर. माणशी १३५ लिटर हा सरकारी हिशेब धरला, तर चौघांच्या घराला ५४० लिटर पुरतात. पाणी फुकट आहे आणि कागदावर पुरेसेही आहे. तरी बरकतपुरा, काचीगुडा, नारायणगुडा भागातल्या जुन्या घरांत मोटारीवाचून हौद भरत नाही, ही तक्रार आपल्या बैठकांत दर उन्हाळ्यात ऐकू येते.

याचे नेहमीचे उत्तर म्हणजे शहर वाढले, पाणी कमी पडते. ते खोटे नाही. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले. गंडिपेटचे पाणी तेव्हा उताराने आसिफनगरच्या गाळणीपर्यंत येई. पुढे मंजिरा, मग २००४ पासून कृष्णा आणि २०१५ पासून गोदावरी आली. यातली मंजिरा म्हणजे बीड-लातूरची आपली मांजरा, कृष्णा महाबळेश्वरची, गोदावरी त्र्यंबकेश्वरची. तिन्ही नद्या महाराष्ट्रात उगम पावून आपल्या मागोमाग इथवर आल्या, असे आपण गमतीने म्हणतो. कृष्णेचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणले जाते. पण एवढा खटाटोप करून आलेले पाणी आपल्या दारात अडते, आणि त्या शेवटच्या पंचवीस-तीस फुटांकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

आपली बहुतेक जुनी घरे लोखंडी जीआय पाइपांची आहेत. पाणी एक दिवसाआड, तेही थोडा वेळ येते. उरलेल्या वेळी पाइप रिकामा, आत हवा. म्हणून गंज लवकर चढतो आणि पहिली बादली तांबूस येते. त्यात बोअरचे जड पाणी त्याच लाइनला जोडलेले असेल तर क्षारांचा थर वेगळा. अर्धा इंची जीआय पाइपाचे आतले तोंड नवेपणी सुमारे १६ मिलिमीटर असते. ते गंजून १० वर आले, तर दिसायला जागा चाळीस टक्के उरते, पण पाणी त्याहून कमी वाहते. तोंड अरुंद झाले की घर्षण झपाट्याने वाढते आणि त्याच दाबाला एक तृतीयांशाहूनही कमी पाणी मिळते. समजा, दोन तासांत १,८०० लिटर येत होते, तर आता जेमतेम ५५० येतील. घरातली मंडळी म्हणतात, प्रेशर गेले. प्रेशर बऱ्याचदा जागेवरच असते.

अशा वेळी मोटार लावणे हा सोपा उपाय वाटतो. पण मोटार पाणी निर्माण करत नाही, ती शेजाऱ्याचे ओढते. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याच्या वाट्याला हवा येते. मग तोही मोटार घेतो. याहून गंभीर गोष्ट अशी की ओढीमुळे मुख्य नळात पोकळी तयार होते आणि सांध्यांतल्या भेगांतून बाहेरचे सांडपाणी आत शिरते. नळात सांडपाणी मिसळले की काय होते, हे आपल्या भागापासून फार लांब नसलेल्या भोलकपुरात मे २००९ मध्ये शहराने पाहिले. दूषित पाण्याने तिथे लोक दगावले.

तेव्हा पाइप बदलणे हाच खरा उपाय. त्यातही एक मेख आहे. प्लंबर सहसा अर्धा इंची लोखंडी पाइप काढून अर्धा इंची सीपीव्हीसी घालतो. नाव एकच, पण या प्लास्टिक पाइपाचे आतले तोंड साडेबारा-तेरा मिलिमीटरच असते. तो गंजत नाही, पण नव्या लोखंडी पाइपाच्या मानाने पाणी कमीच देतो. परदेशातली मुले सांगतात, तिकडे घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरना बोटाएवढे पाइप पुरतात. खरे आहे, पण तिथे बंद चक्रात पंप पाणी फिरवत असतो. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीची उंची हाच दाब, आणि दहा फूट उंची म्हणजे चौरस सेंटिमीटरला फक्त ०.३ किलो. म्हणून टाकीतून उतरणारा पाइप सव्वा इंची, फाटे पाऊण इंची, आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या नळापाशी, असा क्रम हवा. कोपरे कमीत कमी असावेत. दगड-चुन्याच्या भिंती फोडण्यापेक्षा पाइप बाहेरून न्यावा, पण उन्हात सीपीव्हीसी ठिसूळ होतो म्हणून त्याला रंग द्यावा. बोअरची लाइन वेगळी ठेवावी. नळाचे पाणी आपल्या दाबाने जमिनीखालच्या हौदात, म्हणजे संपमध्ये, उतरू द्यावे आणि मोटार संपपासून गच्चीपर्यंतच लावावी. तिला कोणाची हरकत नाही.

मग हे काम होत का नाही? आमच्या मते अडचण पैशाइतकीच मनाची आहे. घर चार भावांच्या नावे, कनेक्शन एक, मीटर एक. आज ना उद्या बिल्डरकडे द्यायचेच, मग खर्च कोणी करायचा? हा 'उद्या' दहा-दहा वर्षे येत नाही. तोवर त्या घरात राहणारे सत्तरी-पंचाहत्तरीचे काका-काकू पहाटे उठून मोटारीचे बटण दाबत बसतात. वाटणी होईल तेव्हा होवो. पाण्याचा खर्च सर्वांनी वाटून आताच करावा.

सुरुवात म्हणून या आठवड्यात एक बादली घ्या. पाणी आले की ती मीटरजवळच्या नळावर भरायला किती वेळ लागतो ते मोजा, मग घरातल्या नळावर मोजा. बाहेर वेगाने आणि आत हळू भरत असेल, तर दोष आपल्या पाइपांचा. बाहेरच हळू भरत असेल, तर १५५३१३ वर जल मंडळाकडे तक्रार नोंदवा. एका गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून नोंदवली, तर तिला वजन येईल.